पिठाचा डेन्मार्क

मी देश सोडला त्या दिवशी बाबांनी रजा घेतली नव्हती. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, आणि स्वतःच्या मुलीच्या विमानासाठी अख्ख्या वर्गाचा तास बुडवणं त्यांना पटणारं नव्हतं. सांगलीहून मुंबईला निघालेली आमची गाडी त्यांच्या शाळेच्या फाटकाशी थांबली. आई आत बसूनच डोळे पुसत होती. बाबा वर्गातून तसेच बाहेर आले, बोटांना खडू लागलेला, आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "दक्षिण गोलार्धात चाललीस. तिकडे आत्ता थंडी. स्वेटर बॅगेच्या तळाला घालू नकोस, वरच ठेव." झालं. एवढाच निरोप. मला इतका राग आला होता! आईने पुढे कधीतरी फोनवर सांगितलं की त्या दिवशी पुढचा तास त्यांनी घेतलाच नाही, स्टाफरूममध्ये नुसते बसून राहिले.

हे मी तुम्हा सगळ्यांना लिहितेय. जे तिकडेच राहिलात आणि आईवडिलांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेता त्यांना, आणि जे माझ्यासारखे इकडे येऊन फोनवरून "गोळ्या घेतल्या का?" एवढंच विचारता त्यांनाही. कौतुकाच्या गोष्टी आपण ग्रुपवर टाकतोच. नवं घर टाकतो, नवी गाडी टाकतो, पोरांची सर्टिफिकेटं टाकतो. ही गोष्ट टाकण्यासारखी नाही. ती आठवली की अजूनही कान गरम होतात, म्हणून एकदा लिहून काढते.

आले तेव्हा मी पेंडल हिल या उपनगरात स्टेशनजवळ एका घरात चार मुलींबरोबर राहायचे. युनिला, म्हणजे विद्यापीठात, ट्रेनने जायचं, संध्याकाळी एका दुकानात शिफ्टला, आणि रविवारी एकीने पोळ्या लाटायच्या, बाकीच्यांनी फोनवर घरच्यांना "मजेत आहे" म्हणून सांगायचं. आता केलीव्हिलला स्वतःचं घर आहे. दोन गाड्यांचं गॅरेज आहे, त्यात एकच गाडी मावते, कारण उरलेल्या जागेत न उघडलेली खोकी आहेत. नवरा निनाद पुण्याचा, पुलांची डिझाइन्स करतो. मुलगी रेवा इयर फाइव्हमध्ये. तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत येतं, आणि फारच लावून धरलं तर "ममऽ, कॅन यू नॉट?" येतं.

आई गेली आणि बाबा सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटे पडले. मग आम्ही ठरवलं, सहा महिने इकडे आणायचं. रमले तर कायमच्या व्हिसाचं बघायचं आणि तिकडचा फ्लॅट काढून टाकायचा. ही परीक्षा आहे असं कुणी तोंडाने म्हटलं नाही, पण ती आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर बाबा इथे रमतात का एवढंच आम्ही बघत नव्हतो. त्यांच्यामुळे आमचं कुठे काही अडतंय का, हेही बघत होतो. हे लिहितानाच मला कसंतरी होतंय.

सुरुवातीचे दोन महिने मी त्यांना एकच वाक्य ऐकवलं: "बाबा, तुम्ही आराम करा." भांडी घासायला गेले, डिशवॉशर आहे, आराम करा. कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायला निघाले, आज लाल झाकणाचा नाही, पिवळ्याचा दिवस आहे, राहू द्या, आराम करा. शेजारच्या कुत्र्याशी मराठीत बोलायला लागले तेव्हा तर मी धावत जाऊन त्यांना आत घेऊन आले. उभं आयुष्य घंटेवर चाललेला माणूस, त्याला मी सोफा दिला आणि रिमोट दिला. ते खिडकीशी उभे राहून समोरच्या गल्लीत कुणी दिसतंय का ते बघत. कुणी दिसत नसे.

आणि मग रेवाच्या वर्गात चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येकाला युरोपातला एक देश. त्याचा भूगोल, इतिहास, एक मॉडेल, आणि शेवटी हॉलमध्ये प्रदर्शन, पालकांना आमंत्रण. मैत्रिणीला इटली आली, दुसरीला फ्रान्स. रेवाला आला डेन्मार्क. घरी येऊन तिने बॅग आपटली. "नोबडी नोज एनिथिंग अबाउट डेन्मार्क!"

बाबा खिडकीपासून वळले. "कोण म्हणतं?"

तुमच्यातले जे आमच्या वेळेला मराठी शाळेत होते, त्यांना हे सांगायला नको. डेन्मार्क म्हणजे दुग्धव्यवसाय! बाबांनी तो धडा तीसेक वर्षं शिकवला. आमच्याकडे दूध संघाच्या सभेत कुणी भाषणाला उभं राहिलं की पाच मिनिटांत डेन्मार्कवर यायचंच. बाबांनी तो देश कधी पाहिला नव्हता. पासपोर्टच मुळी माझ्याकडे येण्यासाठी काढलेला. पण जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी त्यांनी वाटी उपडी घालून जटलंडचा द्वीपकल्प केला, चमचे मांडून बेटं केली, आणि मिठाच्या डबीला कोपनहेगन म्हणून झीलंड बेटाच्या कडेला ठेवलं. दोन महिन्यांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता.

"एवढासा देश," ते सांगत होते, "कुठेही उभा राहा, समुद्र जवळच. डोंगर औषधालाही नाही. पण एके काळी नॉर्वे त्यांचं, आइसलंड त्यांचं, इंग्लंडवरसुद्धा त्यांचा राजा बसून गेला. आपल्याकडे तमिळनाडूत समुद्रकाठी त्यांचा किल्ला आहे अजून. आणि ग्रीनलंड तर आजही त्यांचंच! चिमणीच्या पायाला हत्ती बांधलाय."

रेवा हसली. मग व्हायकिंग झाले. मग एक लढाई झाली, जी डेन्मार्क हरला. प्रशियाने दक्षिणेकडचा मोठा सुपीक तुकडा घेतला. आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेतून स्वस्त धान्य आलं, शेतकऱ्यांचं पिकवलेलं कुणी घेईना. "मग काय केलं त्यांनी?" बाबा थांबले. ते वर्गात असेच थांबायचे. रेवाने खाणं थांबवून विचारलं, "काय केलं, आजोबा?" मराठीत! "रडत बसले नाहीत. म्हणाले, धान्य विकलं जात नाही ना, मग गाईला घालू. प्रत्येकाच्या दोन-चार गाई, पण डेअरी सगळ्यांची मिळून एक. उरलेल्या देशात जी माळरानं होती ती लागवडीला आणली. गेलेल्या जमिनीपैकी थोडी पुढे परतही मिळाली. तिथल्या लोकांनीच मत देऊन सांगितलं, आम्हाला डेन्मार्कमध्ये यायचंय म्हणून."

निनाद मध्ये एकदा बोलला. बाबा सांगत होते की तिकडे आगगाडी बोटीवर चढते आणि समुद्र ओलांडून पलीकडे उतरते. निनाद म्हणाला, "बाबा, आता पूल झालेत तिथे. केव्हाच." बाबांना जराही राग आला नाही. "पूल? समुद्रावर? दाखव बघू!" म्हणून त्यांनी टॅब्लेट घेतला आणि बराच वेळ तो पूल बोटांनी मोठा करून बघत बसले. मला मात्र तिथेच कुठेतरी वाटलं, बाबांचा डेन्मार्क जुना आहे. शाळेत हे चालायचं नाही.

पुढचे पंधरा दिवस रोज आर्व्हो, म्हणजे दुपार, झाली की आजोबा-नात गॅरेजमध्ये. बाबांची पद्धत ठरलेली: नकाशा हाताने मळायचा. कणीक, मीठ, पाणी. प्लायवूडच्या तुकड्यावर बाह्यरेषा काढायची आणि मग पिठाचा देश थापत न्यायचा. "बोट फिरलं की किनारा लक्षात राहतो," हे त्यांचं नेहमीचं. जटलंडला हळद, समुद्राला रेवाचा निळा रंग, आणि पार पूर्वेला, स्वीडनच्या अंगाला एकटं पडलेलं बोर्नहोम बेट म्हणून हरभऱ्याचा एक दाणा. रेवाच्या केसांत पीठ असायचं. ती जेवताना मला विचारायची, "मम, डू यू नो व्हेअर फ्यूनेन इज?" मला नव्हतं माहीत. मी म्हणायचे, हात धू आधी.

आता आमच्या लोकांची खोड सांगते. तुम्ही ओळखलंच असेल. आपल्याकडे प्रोजेक्ट पोरांना मिळतो आणि करतात आईबाप. पालकांच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. कुणाचा पिसाचा मनोरा, वाकलेला, आत दिवे लागलेला. कुणाचा आयफेल टॉवर, दहा वर्षांच्या पोराने तो केला असं म्हणायचं म्हणजे कमालच. खाली सगळ्यांचे "वॉव, सो टॅलेंटेड!" मीही लिहिलं. मग गॅरेजमध्ये जाऊन आमचा डेन्मार्क बघितला. वाळताना जटलंडला मधोमध भेग गेली होती. हळद एका बाजूला फिकी पडलेली. एका कडेला पीठ फुगून वर आलं होतं.

स्वयंपाकघरात मी निनादला म्हटलं, "अरे, हे नेणार आपण? पोळी करपल्यासारखं दिसतंय. लोकांसमोर किती एम्बॅरसिंग होईल!" रेवा तिथेच फ्रिजशी उभी होती. पोरं ऐकत नाहीत असं आपण का समजतो कोण जाणे.

निनादला फार सांगावं लागलं नाही. पुलांचा माणूस तो. शनिवारी रेवा स्विमिंगला गेली तेव्हा आम्ही दोघं गॅरेजमध्ये बसलो. फोमबोर्ड आणला होता, त्याने बाह्यरेषा मशीनवर कापून घेतली होती. बेटाबेटांमध्ये पूल, पुलांवर बारीक दिवे, बटण दाबलं की लागणारे. सुरेख झालं होतं, खोटं कशाला बोलू. आम्हा दोघांना कित्येक महिन्यांत एवढी मजा आली नव्हती. बाबा दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, ते पिठाचं नेताना गाडीत तुटेल हो. म्हणून हे."

बाबांनी दोन्हीकडे बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. "तुटेल." आणि आत गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी जाकीट घातलं, केस नीट विंचरले. हॉलमध्ये युरोप मांडला होता, आणि प्रत्येक देशामागे एकेक पोर आणि त्याच्या बाजूला दमलेले आईबाप. आमच्या डेन्मार्कपाशी गर्दी जमली. बटण दाबलं की दिवे, लोक म्हणाले, वॉव. मी खुशीत होते. मग रेवाच्या टीचर आल्या. त्यांनी वाकून बघितलं, खूप कौतुक केलं आणि रेवाला सहज विचारलं, हा किनारा कसा केलास गं तू?

मी रेवाकडे बघून मान हलवली, बोल ना. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आय डोंट नो," ती म्हणाली. "मम अँड डॅड मेड इट व्हेन आय वॉज अॅट स्विमिंग. आजोबांनी आणि मी केलेला गॅरेजमध्ये आहे. मम सेड इट्स एम्बॅरसिंग."

अख्ख्या हॉलमध्ये ते कितीजणांनी ऐकलं मला माहीत नाही. मला वाटलं, सगळ्यांनी. पिसाच्या मनोऱ्यावाले आईबाप आपल्या मनोऱ्याकडे बघायला लागले. आणि बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं इंग्रजी पुस्तकी आहे, पण एम्बॅरसिंग कळायला ते पुरेसं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात बाबाच पुढे झाले. हात मागे बांधून, तपासणीला साहेब आल्यावर उभे राहायचे तसे. "नो, नो, मॅडम," म्हणाले. "मिस्टेक इज माइन. इन अवर मॅप, आय फरगॉट वन आयलंड. बोर्नहोम. सो आय ओन्ली सेड, डोंट ब्रिंग."

टीचर हसून "नो वरीज" म्हणणार होत्या. पण रेवाचा चेहरा लाल झाला. "नो, आजोबा! आपण लावलं होतं बोर्नहोम! तुम्हीच हरभरा लावला!"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बस. टीचरनी आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघितलं आणि फार प्रेमाने म्हणाल्या की मला तो गॅरेजमधला बघायला नक्की आवडेल. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या म्हाताऱ्या बापाने, ज्याने कधी कुणाला चुकीचा नकाशा शिकवला नाही, माझी लाज झाकायला स्वतःचा नकाशा चुकीचा ठरवला होता. आणि तेही माझ्या मुलीने चालू दिलं नव्हतं.

गाडीत बाबा एकटेच बोलत होते. ग्रीसवाल्या मुलाने बेटं छान केली होती म्हणाले. निनाद हूं हूं करत राहिला. रेवा खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर दांडी मारली. बाबा मागच्या अंगणात ऊन खात बसले होते. मी जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." यापुढे काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण रडायलाच आलं.

"कृष्णेचं खोरं आठवतं तुला?" त्यांनी विचारलं. "पाचवीतलं. तालुक्यात पहिला नंबर."

आठवतं म्हणजे काय! लगद्याचं, हे एवढं मोठं. मी रेवालासुद्धा कितीदा सांगितलंय, तुझ्याएवढी होते तेव्हा मी अख्खं खोरं केलं होतं म्हणून.

"ते मी केलं होतं," बाबा म्हणाले. "तू मावशीकडे लग्नाला गेली होतीस. आल्यावर तू रंग दिलास, तोही अर्धा. परीक्षकांनी तुला विचारलं, येरळा कृष्णेला कुठे मिळते? तू माझ्याकडे बघितलंस. मी डोळ्यांनी दाखवलं, तू बोट ठेवलंस. मला तेव्हा लाज नाही वाटली. उलट छाती फुगली. चाळीस पोरांना सांगायचो, हाताने करा, आणि स्वतःच्या पोरीला पहिला नंबर करून दिला. काल टीचरनी रेवाला विचारलं, तर तिने तुझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. पोर चांगली घडवतेयस."

यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर चाललं असतं. मी नेटाने म्हटलं, "बाबा, तुम्ही इथेच राहा. खरंच. व्हिसाचं मी या आठवड्यात बघते."

"नको," ते म्हणाले. "जाईन मी. तिकीट आहे त्याच तारखेला."

"रागावून?"

"रागावून कशाला? मी इथे राहिलो तर लोकांत मी कसा दिसतो हे तुला सारखं बघत बसावं लागेल. तुला नोकरी आहे, घर आहे. तेवढी सवड कुठाय तुला?" हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, वेळापत्रक सांगावं तसं. मी "असं काय बोलता" म्हणाले, पण जोर लावून "नाही" म्हणता आलं नाही. त्यांना ते कळलं. मलाही कळलं.

उरलेले दिवस त्यांनी चांगले काढले. रेवाला पोर्तुगाल शिकवला, कुणी मागितला नव्हता तरी. मीही एकदा गॅरेजमध्ये जाऊन त्यांच्यात बसले. "आराम करा" म्हणणं बंद केलं. पण मग काय म्हणायचं ते सुचायचं नाही, त्यामुळे आमच्यात बोलणं तसं कमीच झालं. एअरपोर्टवर रेवा त्यांच्या कमरेला मिठी मारून हमसून रडली. मला त्यांनी पाठीवर थोपटलं आणि वेळेवर जेवत जा म्हणून सांगितलं.

सांगलीला पोचल्यावर त्यांचा मेसेज आला, "घरी पोचलो." तो वाचताना लक्षात आलं, सहा महिन्यांत माझ्या घराला ते एकदाही नुसतं "घर" म्हणाले नव्हते. फेरफटका मारून आले की "चला, तुझ्याकडे पोचलो" म्हणायचे. मी ते रोज ऐकत होते.

परवा रविवारी फोन केला. आधी रेवा बोलली. त्या दोघांचं काहीतरी आल्प्सचं चाललंय, मला नीटसं सांगत नाहीत. मग मी फोन घेतला. मनाशी घोकून ठेवलं होतं ते बोलून टाकलं. "बाबा, पुढच्या वर्षी परत या. ट्रायल-बियल काही नाही. राहायलाच या."

मग ते म्हणाले, अगदी आपुलकीने, जुन्या ओळखीच्या कुटुंबाशी बोलतात तसे, "आता तुम्हीच या आमच्याकडे. आठ-दहा दिवस सवड काढून. मागची खोली रंगवून घेतो. गैरसोय होऊ देणार नाही तुमची."

ज्या घरात मी रांगले, त्या घरात माझी गैरसोय होणार नाही म्हणून माझे बाबा मला खात्री देत होते. चिडावं तर कुणावर? "आराम करा" म्हणत मीही त्यांना तेच तर ऐकवलं होतं.

"हो, येऊ की," मी म्हटलं. "तुम्ही उगीच त्रास घेऊ नका." पाहुणे म्हणतात तसं.